पाळण्यातली मळमळ

डेपोत त्याला पाळणा म्हणत. टिंगल नव्हती ती, पदवी होती. त्याने बस हातात घेतली की तीन-चार थांब्यांत निम्मे पॅसेंजर माना टाकायचे. वळण कधी आलं, गिअर कधी बदलला, कुणाला पत्ताच लागत नसे. उतरायची जागा निघून गेली म्हणून लोक त्याच्याशी भांडत, आणि तो मिशीत हसे. नवशिके ड्रायव्हर शेजारी उभे राहून त्याचा ब्रेकवरचा पाय बघत. साहेबांनी कौतुक केलं नाही तरी त्याचं अडत नव्हतं. आपलं काम आपल्याला येतं, ही घमेंड त्याला पुरायची.

आणि याच माणसाची सहा वर्षांची पोर याच्याच गाडीत बसली की ओकायची. दर रविवारी. येताना एकदा, जाताना एकदा.

बायको वेगळी झाल्याला वर्ष होत आलं होतं. ती मुलीला घेऊन टेकडीपलीकडे भावाच्या घरी राहायला गेली. कोर्टाने मुलगी आईला दिली आणि बापाला रविवार दिला. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात खरवड उरते, तसा हा रविवार. पण खरवड का होईना, त्याने ती कपाळाला लावून घेतली. तिच्यासाठी एक जुनी मोटार घेतली. आतून बाहेरून घासली, आरशाला स्ट्रॉबेरीच्या वासाचं एक लाल कागदी बदाम टांगलं. लेकीला स्ट्रॉबेरी आवडते ना, म्हणून.

सासरच्या गल्लीत तो पाय ठेवत नव्हता. वेगळं व्हायच्या दिवशी मेहुण्याने भर गल्लीत, चार बायका खिडकीत असताना सुनावलं होतं, "ड्रायव्हरला थांबा कळतो, घर कळत नाही." त्या दिवशी पाळण्याने शपथ घातली स्वतःला: या गल्लीत पुन्हा आलो तर नाव बदलीन. मग दर रविवारी तो कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याला गाडी उभी करून हॉर्न द्यायचा. आई मुलीला कोपऱ्यापर्यंत आणून सोडायची. दोघं एकमेकांकडे न बघता "किती वाजता?" "पाचला." एवढंच बोलायची.

मुलगी नाचत गाडीत चढे. पहिल्या वळणापर्यंत तिची बडबड. दुसऱ्या वळणावर ती गप्प. मग एक मोठी जांभई, मग ओठ पांढरे, चेहरा धुऊन पिळलेल्या फडक्यासारखा. पाळणा आरशातून बघत राहायचा.

"मळमळतंय का गं?"

"नाही."

"नक्की?"

"नाही..."

"सांग हां, लगेच थांबवतो. पोटात कसं होतंय? घशाशी येतंय का?"

आणि यायचंच.

खोलीवर पोचेपर्यंत पोर अर्धी झालेली असे. तो तिला खाटेवर निजवी, खाली लाल बादली ठेवी. तिच्यासाठी आणलेले रंग, सोलून ठेवलेलं फळ, नवा चेंडू, सगळं टेबलावर तसंच. ती झोपायची. हा स्टुलावर बसून राहायचा. पंखा करकरतो म्हणून बंद करायचा, तिला उकडेल म्हणून परत लावायचा. शेजारच्या खोलीत कुणी मोठ्याने हसलं तर भिंतीकडे डोळे वटारायचा. सबंध गावाला झोपवणारा माणूस, आणि स्वतःची लेक एकदा धड जागी दिसावी म्हणून आसुसला होता. ती उठे तेव्हा दुपार कललेली असे. उठल्या उठल्या पहिला प्रश्न, "बाबा, आता परत गाडी?"

तो "हो" म्हणायचा. दुसरं काय म्हणणार? मग परत तेच ओठ, परत तीच वळणं. तिला सोडून आल्यावर तो गाडी धुवायचा आणि वास जावा म्हणून आणखी एक स्ट्रॉबेरीचं बदाम टांगायचा. आता चार झाली होती.

मग एका गुरुवारी बायकोचा फोन आला. एकत्र होते तेव्हा बायको त्याला अरे-तुरे करायची. वेगळी झाल्यापासून "तुम्ही" म्हणू लागली होती. शिवी परवडली असती, पण हा मान त्याला खड्यासारखा लागायचा.

"तिला तुमची गाडी लागते," ती म्हणाली. "सोमवारीसुद्धा काही खात नाही. शनिवारपासून घाबरून बसते."

"माझी गाडी कुणाला लागत नाही. डेपोत विचार."

"डेपोतल्यांना जन्म दिलाय का मी? या रविवारी बघू. पुन्हा ओकली, तर मोठी होईपर्यंत तिला नेणं राहू द्या."

"मोठी म्हणजे केवढी?"

"गाडी न लागण्याएवढी."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी डेपोत त्याने प्रश्न टाकला, आणि ज्याला त्याला वैद्यकी सुचली. मेकॅनिक म्हणाला, लिंबू हुंगायला दे. वॉचमन म्हणाला, सीटवर वर्तमानपत्र अंथर, त्यावर बसव. "बातम्या वाचून मलाच मळमळतं, पोरीला काय बरं वाटणार?" तिकीट खिडकीवाला म्हणाला. कुणी आलं सांगितलं, कुणी उपाशी आण म्हणालं, कुणी भरपेट आण म्हणालं. त्याच्या बसवरची कंडक्टरीण बाई तेवढी गप्प होती. सगळे पांगल्यावर ती म्हणाली,

"पाळण्या, गाडीत वास कसला येतो रे तुझ्या?"

"स्ट्रॉबेरी. चार आहेत."

"शाबास! मला मालगाडी ओढायला लाव, पण त्या वासात बसवू नकोस. काढून फेक ती. खिडकी उघडी ठेव, पोरीला लांब बाहेर बघायला लाव. आणि तू तिला विचारतोस का सारखं?"

"विचारावं लागतं ना. कळायचं कसं?"

"मी कधी पॅसेंजरला विचारते का, ओकताय का म्हणून? एकाला विचारलं की पाठची चार जणं पिशव्या शोधायला लागतात. तोंड बंद ठेव तुझं."

चारही बदामं त्याने कचऱ्यात टाकली. काचा उघड्या ठेवून गाडी दोन दिवस उन्हात उभी केली. लिंबू घेतलं, आलं घेतलं, वर्तमानपत्रही अंथरलं, उगीच काही राहायला नको. रविवारी खाटेवर धुतलेली चादर घातली, खाली बादली ठेवली आणि त्या बादलीलाच बजावल्यासारखं बोट दाखवून म्हणाला, "आज कोरडं राहायचं."

त्या दिवशी त्याने गाडी चालवली नाही, वाहिली. कढत दुधाचं पातेलं न्यावं तशी. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मुलगी लिंबू नाकाशी धरून लांबच्या डोंगराकडे बघत होती. गालांवर रंग होता. तिसऱ्या वळणावर तिने जांभई दिली, नुसती झोपेची असेल, पण पाळण्याने दात आवळले. आरशात बघितलं. पुन्हा बघितलं. वर्षभराची भीती त्या जिभेला कशी आवरणार?

"मळमळत तर नाही ना गं?"

मुलीने आरशात त्याच्याकडे बघितलं, आणि तिचे ओठ पांढरे झाले.

त्याने गाडी कडेला घेतली. ती उतरली, कठड्याशी वाकली आणि ओकली. मग रडायला लागली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, तर ती हात झटकत होती, "नको, नको," म्हणत होती. एरवी ती मागच्या सीटवरच ओकायची; उलटीत कुणी पाठ चोळलेली तिला आवडत नसे, हे त्याला कुठे माहीत होतं.

नेमका तेव्हाच मोटरसायकलवरून एक पोलीस चालला होता. त्याने बघितलं: जुनाट गाडी, दाढी वाढलेला माणूस, रडणारी पोर, आणि ती म्हणतेय नको. चकचकीत गाडी असती तर हात करून पुढे गेला असता. इथे तो उतरला.

"काय चाललंय? बाळ, इकडे ये. हा माणूस कोण लागतो तुझा? बाबा लागतो?"

मुलीने तोंड पुसलं आणि ठणकावून सांगितलं, "बाबा नाही लागत!"

पुढे काहीतरी सांगायचं होतं तिला, पण तेवढ्यात दुसरी उबळ आली आणि ती परत कठड्याकडे पळाली.

पोलिसाने गाडीची किल्लीच काढून घेतली. पाळणा आधी हसला, मग भडकला, मग त्याच्या लक्षात आलं की भडकलेला माणूस जास्तच वाईट दिसतो. "अहो, मुलगी आहे माझी! गाडी लागते तिला!" "ते बघू. आईला लाव फोन. आवाज मोठा कर."

फोन लागला. पोलीस म्हणाला, "बाई, इथे एक माणूस आहे, सोबत मुलगी आहे. मुलगी म्हणते हा तिचा बाबा लागत नाही."

वाऱ्याने गाडीतलं वर्तमानपत्र फडफडत होतं. पाळण्याला वाटलं, वर्षभर जिला काही बोललो नाही, तिच्या एका शब्दावर आता सगळं आहे. नाही म्हणाली तर?

"तिला द्या," फोनमधून आवाज आला. "काय म्हणालीस गं काकांना?"

"मी म्हटलं, बाबा नाही लागत, गाडी लागते," मुलगी हुंदके देत म्हणाली. "मामा सारखा म्हणतो ना, गाडी कसली, हिला तर बापच लागतो. आणि मी त्याला रोज सांगते, बाबा नाही लागत, गाडी लागते. मग काकांनी पण विचारलं, बाबा लागतो का. म्हणून मी लगेच सांगितलं. पण मध्येच उलटी आली."

पोलिसाने मान खाजवली. "म्हणजे बाप आहे हा?"

"बाप आहे तिचा," फोन म्हणाला. "सोडा त्याला."

पोलिसाने किल्ली परत दिली, जाता जाता "आलं चघळायला द्या" असंही सांगितलं. पाळण्याचं तिकडे ध्यान नव्हतं. रोज सांगते, म्हणाली. एवढीशी पोर रोज त्या घरात आपल्या वतीने भांडत होती, आणि आपण कोपऱ्यावरून हॉर्न देत होतो.

"म्हणजे उलटी झालीच," बायको फोनवर म्हणाली.

मुलगी जोरजोरात मान हलवत होती. नाही सांगा, नाही सांगा.

त्याने तिच्या बुटांकडे बघितलं, स्वतःच्या चपलांकडे बघितलं. "झाली. दोनदा."

"मग ठरलंय आपलं."

"ठरलंय. गाडीत नाही बसवत आता तिला. मीच येतो तिकडे. गल्लीत."

"दादा दुकानात आहे."

"असू दे. घरात येत नाही मी. गल्ली काय त्याने विकत घेतलीय?"

"आणि पाचपर्यंत करणार काय गल्लीत?"

"चालत राहू," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

त्याने गाडी वळणाच्या कडेला नीट लावली, चाकाला दगड दिला. मुलगी संशयाने बघत होती. "गाडी लावली?"

"लावली."

ती जरा विचार करून म्हणाली, "लावलेली गाडी लागत नाही."

मग उतार सुरू झाला आणि तिचं तोंड सुरू झालं. तिच्या बाईंना शिंक येते तेव्हा सगळा वर्ग टेबल धरतो. तिचा एक दात हलतोय, पण ती कुणाला हात लावू देत नाही. तिला पोलीस व्हायचं होतं, पण आता नाही. पाळणा ऐकत होता. तिचा आवाज जरासा घोगरा आहे, चालताना ती प्रत्येक खांबाला हात लावते, एखादा राहिला तर मागे जाते. सहा वर्षांची लेक त्याला जणू नवीनच भेटत होती.

गल्लीच्या तोंडाशी मेहुण्याचं किल्ल्या करायचं दुकान. कानशीचा आवाज थांबला.

"काय ड्रायव्हर? चुकून आलास की थांबा हुकला?"

घशाशी आलेलं चांगलं तिखट उत्तर पाळण्याने गिळलं. गिळायला जड गेलं.

"मामा," मुलगी म्हणाली, "बघ, बाबांबरोबर आले आणि काही नाही लागलं मला."

खिडक्यांत बायका होत्याच. ते दोघं गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मागच्या मैदानावर गेले, परत आले. नळावर पाणी प्याले. आईने वरून डबा खाली सोडला, तो त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या पायरीवर बसून खाल्ला. पाच वाजले, मुलगी जिना चढली, वरून ओरडली, "बाबा, दात!" पण दात काही पडला नव्हता, नुसता दाखवायचा होता.

आई जिन्यात उभी होती. "पुढच्या रविवारी जरा लवकर ये," एवढं म्हणून आत गेली.

अर्धा चढ चढल्यावर त्याच्या लक्षात आलं, ती "या" म्हणाली नव्हती.

गाडीत लिंबाचा वास राहिला होता. वळणावळणाला त्याचे डोळे आरशाकडे जात होते आणि दर वेळी मागे नुसती सीट दिसत होती, मधोमध चुरगळलेलं वर्तमानपत्र. खोलीवर आला, दिवा लावला. टेबलावर रंग, चेंडू, काळं पडलेलं फळ. खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. मुलगी आता इथे यायची नव्हती, मोठी होईपर्यंत तरी. ही खोली तिला लागणार नव्हती.

खाली लाल बादली होती, कोरडी ठणठणीत. वर्षभर हेच मागत होता तो.

त्याने ती उचलली, मोरीत नेली, सवयीने दोनदा विसळली आणि उपडी घातली.