भिंतीवरचा मेलेला तारा

शेजारी एखादा हुशार माणूस राहायला आला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चुलीवरच्या आढ्याला काजळी धरते तसे ते आपोआप धरतात, आणि कधीतरी बोट लावलं की कळतं, अगं बाई, केवढा थर साठलाय! त्यातून माझ्यासारखी बाई शेजारी असली म्हणजे बघायलाच नको. दुसऱ्याच्या खिडकीशी रेंगाळायची मला खोडच आहे. आमचे हे म्हणायचे, "चुकून माणसाचा जल्म मिळाला तुला. खरी तू पाल हायेस!"

शेर जाऊन किलो आले, त्या सुमाराची ही गोष्ट. पौडला आमच्या घराला लागून एक रिकामी खोली होती. तिच्या मालकाचा भाचा दिनकर मुंबईहून तिथे राहायला आला. वय सव्वीस, लग्न नाही. सामान म्हणाल तर दोन सदरे आणि ट्रंकभर कागद.

"काय करता तुमी?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मेलेल्या ताऱ्यांचं गणित करतो, काकी. फार घाईत आहे."

"मेलेलाच हाय न्हवं? मग घाई कसली? आधी जेवून घ्या!"

जेवला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करायला लागले.

*

घाई मात्र खरी होती. त्याच्या मुंबईच्या सरांचं पत्र आलं होतं. (मी वाचलं नाही, त्यानेच वाचून दाखवलं. मी फक्त विचारलं.) दसऱ्यापर्यंत उत्तर आलं नाही, तर हा विषय सोडायचा. वडिलांनी एका गिरणीच्या हापिसात कारकुनाची जागा बघून ठेवलेली.

"मग अडलंय कुटं?"

"ताऱ्याचं वजन शून्याच्या खाली येतंय, काकी."

"म्हंजे?"

"म्हणजे कुठेतरी चुकलंय."

एक सांगते. मी सातवी शिकलेली बाई. पण 'तुम्हाला नाही कळायचं' असं तो मला एकदाही म्हणाला नाही. हे उपकार मी आजही मानते.

*

एकदा वाण्याच्या दुकानात गर्दीसमोर त्याने तो तारा समजावून सांगितला. तारा मेला की आपल्याच भाराने दबत जातो. इतका दबतो, की त्याची एक चिमूट घेतली तर आख्ख्या डोंगराएवढी भरेल!

वाणी नव्या वजनांनी आधीच जेरीस आलेला. त्याने तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "डोंगराएवढी, ते समजलं. पर जुन्या शेरात, का नव्या किलोत?"

*

मग निघाला उलटा पदार्थ. आपल्या प्रत्येक कणाला म्हणे एक उलटा जोडीदार असतो. दोघे भेटले की दोघेही नाहीसे, उरतो नुसता लख्ख उजेड.

समोरचे तात्या ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांच्या दोन सुनांचं एकमेकींशी कसं होतं, ते आख्ख्या पौडला ठाऊक. ते म्हणाले, "उजेड? नशीबवान हायेस बाबा! आमच्या दोघी भेटल्या की नुसता आवाज उरतोय!"

*

माझं ताक घुसळणं चाललेलं असताना तो एकदा दारात उभा राहिला. म्हणाला, "काकी, एक पातळ पदार्थ आहे. भयंकर गारठवला की तो अडेनासाच होतो. एकदा ढवळून सोडा, आपला फिरतोच आहे, फिरतोच आहे. भांड्याच्या कडेवर चढून स्वतःच बाहेरसुद्धा येतो."

मी रवी थांबवली. "थांबतच न्हाई?"

"नाहीच!"

"मग लोणी कवा यायचं?"

दिनकरने खरोखर विचार केला. चांगला घटकाभर. मग म्हणाला, "येणार नाही."

"मग काय करायचंय तसलं!"

*

आता भिंतीचं सांगते.

आमच्याकडच्या पावसात कागदाची पार भाजी होते. शाई फुटते, अक्षर पसरतं. म्हणून दिनकरने माझ्या चुलीतला कोळसा नेला आणि गणित खोलीच्या भिंतीवर लिहायला घेतलं. भाकरी द्यायला मी दोन वेळा जायची आणि बघत उभी राहायची.

"ह्यो तिरसूळ कशाला?"

"ते परदेशी अक्षर आहे."

"आन ह्यो नाग?"

"ती बेरीज."

दोन महिन्यांत भिंत भरली. गौरी दोन दिवसांवर आल्या, तेव्हा तो पुण्याला कोरडे कागद आणायला गेला. आल्यावर सगळं उतरवून घेणार होता. आणि मी? गौरी घरी यायच्या, शेजारची भिंत काळी कशी ठेवायची? एकटा पोर, त्याची कोण सारवणार? पांढरी माती कालवली आणि वरपासून खालपर्यंत झकास सारवून काढली. जमीनसुद्धा सोडली नाही.

दुपारच्या एस.टी.ने तो आला. दारातच थांबला. छत्री गळत होती.

"काकी... माझा तारा?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

तो ओरडला नाही. ट्रंकेवर बसला आणि म्हणाला, "सुरुवात आठवते, शेवट आठवतो. मधलंच गेलं. आता दसऱ्याआधी होत नाही."

मी घरी गेले आणि रांगोळीचा डबा घेऊन आले. म्हटलं, "ऊठ. कागद घे."

मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पण एकदा बघितलेली रांगोळी आम्हा बायकांच्या हातात बसते, आणि ही तर दोन महिने, दिवसातून दोनदा बघितलेली! खाली बसले आणि सारवलेल्या जमिनीवर ओळीमागून ओळ काढत गेले. तिरसूळ, नाग, दोन घडे, पुन्हा नाग. तो मागून उतरवत होता. अर्ध्यावर थांबला.

"काकी, इथे चुकलात. या तिरसुळाआधी वजाची आडवी रेघ नाही."

"हाय."

"अहो, असणारच नाही! वरच्या ओळीत ती जाते."

"जात आसंल. तू घालवली न्हवतीस. खुंटीच्या खाली ईतभर, हितं व्हती. मी माज्या हातानं सारवली की!"

तो त्या रेघेकडे बघत राहिला. मग बोटाने ती पुसली, आणि कागदावर भराभरा खाली उतरायला लागला. ओठ हलत होते. दुसरा कागद संपला. तिसऱ्याच्या मध्यावर हात थांबला.

"काय झालं रं? ताऱ्याचं?"

"वजन आलं, काकी. आलं!"

आणि वाकून त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "पाया काय पडतोस येड्या! तुजी भिंत मीच पुसली न्हवं?"

डोकं वर न उचलता तो म्हणाला, "म्हणूनच तर."