लुगड्यावरचा बिल्ला

सरकारं कलावंतांच्या छातीवर पदकं लावतात, तेव्हा मला कलेचीच काळजी वाटते. तरीही एका सोव्हिएत राज्य पुरस्काराचा मी ऋणी आहे, तो सिहोऱ्याच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, भेटलेल्या एका माणसामुळे.

तो दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून नाचायचा. दिवाळीनंतरच्या त्या दुपारी मंचावर पाहुण्यांचे सत्कार संपता संपत नव्हते. नाच्याला मंचावर चढायची मुभा नव्हती, म्हणून तो खाली माझ्याशेजारी बसून दाढीच्या हिरव्या खुणांवर पावडर थापत होता. माझ्या हातातल्या रशियन मासिकात पदक लावलेल्या एका नर्तकीचा फोटो होता.

"गुरुजी, ह्या बाईले हे कायचं भेटलं?"

"नाचाचं. तिथलं सरकार देतं."

त्यानं पदर खोचला, मासिक उचललं आणि थेट मंचाची पायरी गाठली.

सरपंचांनी हटकलं, "तू खालीच नाच."

"नाचतोच जी. पण हे पाहा. रशियाचं सरकार नाचणारीले वर बोलावते. आपलं गाव काहून नाही बोलवत?"

लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवू लागले, आणि त्या थांबेनात. सरपंचांनी फोटो नीट पाहिला. शेवटी स्वतःच्या छातीवरचा 'स्वागताध्यक्ष' लिहिलेला रेशमी बिल्ला काढून त्यांनी त्याच्या पदराला लावला.

तो वर नाचला. जागा पुरेना, तेव्हा पाहुण्यांनी आपापल्या खुर्च्या स्वतः उचलून मागं नेल्या. एवढा मनापासून केलेला सत्कार मी पुन्हा कुठं पाहिला नाही.