पाणी किती गरम होतं

माझ्या आत्याला सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, सगळे तोंडावर आत्या म्हणतात आणि पाठीमागे विसळआत्या. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात ती सभागृहामागच्या स्वयंपाकघरात शिरली, ती एकतीस वर्षं तिथंच राहिली. मधल्या काळात नवरा गेला, मुलगी परदेशी गेली. स्वयंपाकघर तेवढं उरलं. तिथं दोन सिंक आहेत. डावं दुधाचं, उजवं मांसाचं. आम्हा ज्यू लोकांत दूध आणि मांस एकत्र येत नाही. भांडी वेगळी, फडकी वेगळी, धुणंही वेगळं. आत्याचं डावं-उजवं झोपेतही चुकलं नसतं.

वर्षातून एका रविवारी आमच्याकडे अभ्यासाचा दिवस असतो. म्हातारे, तरुण, शाळकरी मुलं दिवसभर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतात आणि कडाकडा वाद घालतात. दोन वर्षांपूर्वीचा विषय होता, उगाच नासधूस करू नये. युद्धातसुद्धा शत्रूचं फळझाड तोडू नये. चर्चा इतकी रंगली की लोक जेवणाच्या टेबलावरही भांडत होते. नंतर मागच्या दारात प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांनी भरलेल्या अकरा काळ्या पिशव्या उभ्या राहिल्या. एकदा वापरून फेकलं की दूध-मांसाचा घोळच नको, म्हणून ही सोय.

"तू इंजिनियर ना? वजन कर," आत्या मला म्हणाली.

अडतीस किलो भरलं.

"झाडांवर दिवसभर प्रवचन, आणि हे?" ती म्हणाली, आणि कमिटीच्या मागे हात धुऊन लागली.

अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे. ते माणसाकडे नेहमी नंबर तपासल्यासारखं बघतात. "आत्या, दीडशे ताटल्या धुणार कोण?"

"मी काय मेले?"

"एकदा जरी घोळ झाला ना, तर स्वयंपाकघर कायमचं बंद. बाहेरून सीलबंद डबे मागवू. कबूल?"

"कबूल."

ताटल्या चिनी मातीच्या आल्या. दुधासाठी निळ्या काठाच्या, मांसासाठी साध्या पांढऱ्या. रब्बींनी, आमच्या धर्मगुरूंनी, स्टील सुचवलं होतं. चिनी माती एकदा बाटली की बाटली, स्टील निदान उकळून परत वापरात घेता येतं. पण अध्यक्षांच्या बायकोनं नाक मुरडलं, "स्टीलमध्ये तुरुंगात जेवल्यासारखं वाटतं." आत्याही म्हणाली, "बाटतीलच कशाला? मी आहे ना."

गेल्या वर्षी अभ्यासाच्या रविवारी सकाळी पाव, चीज, दुधाचा चहा झाला. मागे एकही काळी पिशवी नव्हती. आत्या दारातून डोकावून सगळ्यांचे हात बघत होती, ताटली कुणी उचलतंय का, कुणी जपून ठेवतंय का. दुपारच्या मांसाच्या जेवणाची घाई उडाली आणि सकाळच्या शेवटच्या वीसेक ताटल्या डाव्या सिंकमध्ये तशाच राहिल्या. जेवण संपलं आणि उजवं सिंक तुंबलं. चरबीनं नळी चोंदली. पाणी काठावरून फरशीवर यायला लागलं. बाहेरून हाका सुरू होत्या, "आत्या, टेबलं मोकळी करा, पुढचा वर्ग बसायचाय!" तिनं मोठ्या पातेल्यातलं पाणी डाव्या सिंकमध्ये ओतलं, पांढऱ्या ताटल्यांची चळत उचलली, आणि त्यातच सोडली.

पाण्यावर तेलाचे गोल ठिपके तरंगले, तेव्हा तिला खाली निळे काठ दिसले.

आत कुणी नव्हतं. तिनं दार लोटून घेतलं असतं, तर तिच्याखेरीज कुणाला कधीच कळलं नसतं. ती ओल्या हातांनी सभागृहात गेली आणि रब्बींना बाजूला बोलावलं. पुढचं मी शेजारी उभा राहून ऐकलं.

"साबण होता ना पाण्यात?" रब्बींनी विचारलं. साबणानं चव बिघडली की एकाची चव दुसऱ्याला लागली असं धरत नाहीत, मग पळवाट निघू शकते.

"नाही. मी आधी नुसत्या गरम पाण्यात विसळते. साबण कमी लागतो. गटारात कमी जातो."

रब्बींनी आवाज खाली आणला. "बरं. पाणी किती गरम होतं? नीट आठवून सांगा. कोमट असेल. इतका वेळ पातेल्यात होतं. कोमट असेल तर काहीच बिघडलं नाही."

भांड्यात चव शिरते ती पोळणाऱ्या पाण्यातूनच, म्हणून त्यांना तिच्याकडून एकच शब्द हवा होता. आत्यानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. ती लाल झाली होती.

"हात घातला आणि मागे घेतला मी," ती म्हणाली. "पोळला."

रब्बींनी डोळे मिटले. "मग सिंकमधल्या सगळ्या गेल्या. ज्यांना चालतात त्यांना देऊन टाका."

सत्तरएक ताटल्या होत्या त्या. पण कमिटीनं उरलेल्याही नको म्हटलं. अध्यक्ष ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ठरलं होतं, आत्या." संध्याकाळचा चहा प्लास्टिकच्या पेल्यांतून झाला.

आत्याच्या नणंदेनं जाताना तिला गाठलं. "कोमट म्हणायला काय जिभेला फोड आले होते तुझ्या?"

"उद्या त्या ताटलीत तूच जेवणार होतीस ना गं," आत्या म्हणाली. नणंद तशीच एकटी निघून गेली. तिनं आत्याला घरीही सोडलं नाही.

स्वयंपाकघरात आता खुर्च्या रचून ठेवतात. यंदाच्या अभ्यासाच्या दिवशी सीलबंद डबे आले. डब्यावर प्लास्टिक, आत प्लास्टिक, चमच्यालाही वेगळी पिशवी. मी एक डबा आत्याकडे घेऊन गेलो. ती खिडकीशी बसली होती. केस विंचरलेले नव्हते.

"ठेव तिथं," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ती यंदाच्या प्लास्टिकचं वजन विचारेल. मी करून आणलं होतं. तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तू जा आता. मला भूक नाहीये." डबा मी उघडून ठेवला होता, तो तिनं हातानं हळूच लांब सारला.