तिसरा मजला, डावीकडे

डेपोत तिला सगळे तपासताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे नुसतं तपास. "तपास आली का रे?" असं कुणी विचारलं की पार्सलांच्या थप्पीवर टेकलेले लोक सरळ होत आणि गप्पांचा आवाज आपोआप खाली येई. तिला हे माहीत होतं. वाईट वाटायचं ते पहिल्या वर्षी.

तिचं काम दारं बघण्याचं. पार्सल घरी पोचवलं की दारापुढे ठेवून त्याचा फोटो काढायचा, मगच 'पोचलं' असं बटण दाबायचं, हा कंपनीचा नियम. कुणाची तक्रार आली की तो फोटो तिच्या पडद्यावर येई. पोचलं म्हणता, मग आमच्या हातात का नाही? याचं उत्तर तिनं शोधायचं. रोज दोनेकशे दारं. झिजलेली पायपुसणी, सुकलेल्या कुंड्या, कुलपं, एखाद्या फोटोत चुकून आलेलं मांजराचं शेपूट. एकदा एका पोचवणाऱ्यानं एकच फोटो तीन दिवस वापरला होता. तिन्ही फोटोंत उंबऱ्यावरचं वाळकं पान त्याच जागी, त्याच कुशीवर पडलेलं तिनं बोटानं दाखवलं आणि तो माणूस संध्याकाळी गणवेश परत करून गेला. त्या दिवसापासून ती तपासताई झाली.

ही सवय दिवस संपला म्हणून सुटत नसे. घरी आल्यावर तिची नजर आधी चपलांवर जाई. "शेजारी जाऊन आलात वाटतं," ती नवऱ्याला म्हणे. तो बिचारा खरंच गेलेला असे. "हिच्यासमोर खोकायचं असेल तरी कारण तयार ठेवून खोकावं," असं तो मुलीला सांगे, आणि मुलगी हसता हसता आपला फोन उलटा करून ठेवी. तेही तपासताईच्या नजरेतून सुटत नसे.

एका माणसावर मात्र तिनं कधी संशय घेतला नव्हता. त्याला घड्याळकाका म्हणत, कारण त्याची व्हॅन ज्या गल्लीत ज्या वेळी शिरे त्यावर लोक दूध तापवायला ठेवत. गुडघा जायच्या आधी तपासताई स्वतः नऊ वर्षं पार्सलं पोचवत होती, आणि तिला हे काम घड्याळकाकांनीच शिकवलं होतं. "बेल एकदाच वाजवायची पोरी, आणि दोन पावलं मागं सरायचं. दार उघडणाऱ्याला आपण अंगावर आल्यासारखं वाटता कामा नये." आजही कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी ती बेल वाजवून दोन पावलं मागं सरे.

बावीस वर्षांत काकांच्या नावावर तक्रारी किती, तर एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. आणि आता एका महिन्यात चार.

साहेब वयानं तिच्या भाच्याएवढा. त्यानं कागद पुढे सरकवला. "ताई, पाचवी आली की रूट काढून घ्यावा लागतो. वरूनच तसं आहे. त्याआधी तुमचा अहवाल हवा. गुरुवारपर्यंत."

"काकांचा?"

"का? काका म्हणून वेगळा कागद असतो का?"

अहवालाच्या शेवटी एक प्रश्न होता, हो किंवा नाही अशा दोन चौकटींचा: पार्सल नेमलेल्या कर्मचाऱ्यानेच पोचवले का? त्याखाली तिची सही. नेमलेल्या माणसाऐवजी दुसऱ्यानं पार्सल पोचवलं असेल तर रूट नव्हे, नोकरीच जाई.

तिनं चारही फोटो शेजारी शेजारी लावले. चारही पत्ते एकाच वसाहतीतले. जुन्या चार मजली इमारती, लिफ्ट नाही, दारांवर क्रमांक नाहीत, पाट्यांवर अजून जुन्या घरमालकांची नावं. लोक पत्ता लिहीत तोही तसाच: अमुक इमारत, तिसरा मजला, डावीकडे. कॅमेरे नाहीत, रखवालदार नाही. पार्सल गायब करायचं असेल तर याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग तिनं काकांचे जुने फोटो काढले. ते नेहमी उभ्यानं, छातीच्या उंचीवरून काढलेले, सरळ, कंटाळवाणे. नवे फोटो खालून काढलेले होते. थोडे तिरके, दाराला फार चिकटून. आणि चौथ्या फोटोत, दाराच्या पितळी कडीच्या गोल पोटात, कुणाचा तरी निळा फुलाफुलांचा पदर उमटला होता.

ती खुर्चीत मागं टेकली. काही जण रूट पोटभाड्यानं देतात हे तिला ठाऊक होतं. आपण घरी बसायचं, दुसऱ्या कुणाला थोडक्यात राबवायचं, बटण मात्र आपल्या नावानं. पण काकांनी? बावीस वर्षं सरळ वाटलेला माणूस आपल्याला इतकी वर्षं फसवत असेल तर? आणि शिकवलेलं ते सगळं? तिला एकाएकी आपल्याच डोळ्यांचा राग आला.

बुधवारी तिची सुटी होती. नवऱ्याला तिनं दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं.

"गुडघा?" त्यानं विचारलं.

"हं."

"मग पिशवीत छत्री, पाण्याची बाटली आणि तो कागद कशाला?"

"तुम्हाला कुठून लागली ही सवय?"

"संगतीनं," तो म्हणाला.

वसाहतीसमोर एक झेरॉक्सचं दुकान होतं. तिथं ती आपल्या ओळखपत्राच्या प्रती काढत उभी राहिली. दुकानदारानं तिसऱ्यांदा "आणखी किती?" असं विचारलं तेव्हा कोपऱ्यावर व्हॅन वळली. अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ चुकली नव्हती.

काका चालवत होते. पण उतरले नाहीत. पलीकडचं दार उघडलं आणि निळ्या फुलांच्या साडीतली एक बाई उतरली. काकांनी आतून पार्सल तिच्या हातात दिलं, फोन दिला, बोटानं वर दाखवलं आणि म्हणाले, "तिसरा, डावीकडे." ती बाई मान हलवून निघाली. चाल ओळखीची वाटली. ती काकू होत्या, घड्याळकाकांच्या बायको. तपासताईच्या लग्नात याच हातांनी वाढलं होतं.

तपासताई रस्ता ओलांडून मागच्या बाजूनं इमारतीत शिरली. काकू जिन्याच्या पायथ्याशी थांबून पदर खोचत होत्या. ओठांत त्यांचं काहीतरी चाललं होतं. तपासताईनं कान दिला.

"एक," काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या. मग जिना चढून वर, "दोन." आणखी वर, "तीन." आणि डावीकडच्या दाराशी पार्सल ठेवलं. बेल एकदाच. दोन पावलं मागं. कुणी आलं नाही. मग त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, ओठ दाबले, अगदी वाकून फोटो काढला आणि तो नीट आलाय का हे डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

तो दुसरा मजला होता.

तपासताई खालच्या वळणावर उभी होती. तिनं या जिन्यावर चोर पकडायची तयारी केली होती. चोर सापडला नाही, आणि तरी सुटल्यासारखं वाटेना.

"काकू."

काकूंच्या हातातून फोन निसटता निसटता राहिला. "अगं बाई! तू इथं?" आणि मग, चेहरा हळूहळू बदलत, "पाळत ठेवायला आलीस होय?"

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"काकू, फोटोतल्या कडीत मी तुमचा पदर पाहिलाय."

काकू पायरीवरच बसल्या. चार महिने, त्या म्हणाल्या. काकांचा खुबा गेलाय. गाडी चालवताना चालतं, पण पाय उचलून पायरीवर ठेवला की डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर म्हणाले शस्त्रक्रिया करा, तीन महिने घरी बसा. तीन महिन्यांनी रूट काय भिंतीवर टांगून ठेवणार आहेत का कुणी? "त्यांना रूट म्हणजे... तुला काय सांगायचं."

"मला सांगितलं असतं तर?"

"तुला?" काकू हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "सगळा डेपो तुला काय म्हणतो माहीत आहे ना?"

ते बोलणं लागलं. तिनं ते गिळलं आणि विचारलं, "तुम्ही खाली उभ्या राहून एक का म्हणता?"

"मग काय म्हणू? शून्य? मी दुकानात झाडलोट करायचे तिथं लिफ्टमध्ये सगळ्यात खालच्या मजल्याचं बटणच एक असायचं. उभं राहतो तो पहिला."

"इथं हा तळमजला, काकू. पहिला याच्यावर."

काकूंनी खाली पाहिलं, वर पाहिलं. ओठ हलले. मग हात आपोआप तोंडावर गेला. "म्हणजे सगळी एकेक खाली?"

क्रमांक असलेल्या दारांवर त्या अंक वाचूनच पार्सल ठेवत. चूक फक्त इथं, या बिनआकड्यांच्या जिन्यांवर होत होती. बरेच जण वरच्याला हाक मारून पार्सल देत, म्हणून गोष्ट झाकून राहिली. चार जणांनी दिलं नव्हतं.

त्या दोघी दारं वाजवत निघाल्या. एका घराला कुलूप होतं आणि नुसत्या लोटलेल्या जाळीच्या आत खोका तसाच, धूळ खात; काकूंनी तो काढून घेतला. दुसऱ्या घरी एका म्हातारीनं दार उघडलं. "ती किटली ना? मला वाटलं जावयानं पाठवली. मी त्याला फोन करून आशीर्वादसुद्धा दिला, आणि तो मेला खुशाल ते घेऊन बसला!" तिसऱ्या घरी एक पोरसवदा जोडपं लाजत पेटी घेऊन आलं. वर कोण राहतं हे विचारायचं राहूनच गेलं, म्हणाले. चौथ्या दारातला माणूस दार अर्धंच उघडून म्हणाला, "आमच्याकडे काही आलं नाही."

तपासताईनं त्याच्या पायांकडे पाहिलं. "बूट छान आहेत."

"जुने आहेत."

"टाचेला दुकानाची चिठ्ठी अजून आहे."

तो माणूस दार न लावता आत गेला आणि बूट खोक्यात घालून घेऊन आला. काकूंनी पहिल्यांदाच तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

खाली व्हॅनमध्ये काकांना सगळं दुरूनच कळलं होतं. त्यांनी काच खाली केली, नमस्कार नाही, काही नाही. "पकडलंस," एवढंच म्हणाले.

"चारही पार्सलं मिळाली, काका. मजल्याचा घोटाळा होता."

"मग काय लिहिशील?"

तिनं पिशवीतला कागद काढला. "शेवटचा प्रश्न तुम्हाला माहीत आहे."

"हो लिही. चारही मिळाली ना? कुणाचं काय गेलं? तुला शिकवलं ते काही लक्षात ठेव."

"तुम्ही शिकवलंत म्हणूनच मला हो लिहिता येत नाही."

काका समोरच्या काचेकडे बघत राहिले. "यातून तुला काय मिळणार आहे ते तरी सांग. साहेबाची खुर्ची?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारी माणसं मी फार पाहिली."

काकू मध्ये बोलल्या, "अहो, पुरे. किती दिवस मी चोरासारखी पदर झाकत फिरू? कधी ना कधी जिन्यावर मी पडले असते, मग काय सांगितलं असतंत, पार्सल पडलं म्हणून?" मग तपासताईकडे वळून, "काय लिहायचं ते लिही. पण यांच्या आधी जाऊन नको देऊ. आम्ही उद्या येतो. यांच्या तोंडानंच जाऊ दे."

त्या रात्री तिनं नियमांची चोपडी शेवटच्या पानापर्यंत वाचली. गुरुवारी सकाळी तिनं 'नाही' या चौकटीत खूण केली आणि सही केली. कागद मात्र टेबलावर पालथा ठेवला. काका दहाच्या ठोक्याला आले, काकूंच्या खांद्यावर भार टाकून, आणि साहेबापुढे उभ्यानं सगळं बोलले. बसायला खुर्ची दिली ती घेतली नाही. मग तपासताईनं आपला कागद सुलटा करून पुढे ठेवला आणि चोपडीतलं पान उघडलं. वजनी मालाच्या गाडीवर सोबतीला दुसरा माणूस नेमता येतो, तिथं नातेवाईक चालत नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"चार महिने, नोंद नसलेलं माणूस, कंपनीच्या गाडीत," साहेब म्हणाला. "हे मी वर कसं सांगू?"

"चार महिन्यांत आठशेच्या वर पार्सलं," ती म्हणाली. "चुकली ती फक्त बिनक्रमांकाच्या इमारतींत, आणि तक्रारी चार. माझ्याकडे फोटो आहेत, साहेब. एकेक पाहिलाय."

साहेबानं वर कळवलं. वरून यायला नऊ दिवस लागले, आणि आलं ते कुणालाच पुरतं आवडलं नाही. काकांची नोकरी राहिली, रूट गेला. शस्त्रक्रिया करून आल्यावर डेपोतच, बसून करायचं काम. आणि काकूंना तीन महिन्यांच्या बोलीवर दुसऱ्या एका चालकाबरोबर गाडीवर घेतलं. त्याच रूटवर, कारण ती दारं आता त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती.

काका महिनाभर तपासताईशी बोलले नाहीत. एके सकाळी, ती नुकती खुर्चीत बसत होती, तेव्हा फोन वाजला. पलीकडे काका, शस्त्रक्रियेनंतर पलंगावर पडलेले.

"हिच्या नावावर काही आलंय का?"

"नाही काका. एकही तक्रार नाही."

"आठ दिवसांत एकही?"

"एकही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना? फोटो काढ बरं कालचे. एकेक सांग मला."

तिनं कानाशी फोन धरून पडदा सुरू केला आणि पहिल्या दाराचं पायपुसणं कोणत्या रंगाचं आहे ते सांगायला लागली.