काळी एकमध्ये फिरणारा कम्प्युटर

आमच्या भजनी मंडळाला अभंग येतात बावीस. गेली पंधरा वर्षं तेवढेच आहेत. किस्से मात्र दर रविवारी वाढतात, कारण अभंग बसवावा लागतो, किस्सा आपला आपण बसतो. त्यातले हे कम्प्युटरचे. मी मंडळात टाळ वाजवतो, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाला हजर होतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी वाजत होतो.

झालं असं, की आमचे पेटीवाले आणि गायक नाना, वय अठ्ठ्याहत्तर, दसरा झाला की डोंबिवली सोडून कायमचे लेकीकडे इंदूरला जाणार होते. त्याआधी त्यांचा आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवायचा, असं ठरलं. मोबाइलला नानांनी साफ नकार दिला. "फोनमध्ये मी नाकात गातो."

सावंत म्हणाले, "मी घरी कम्प्युटर घेतो. चांगला माइक लावू."

सावंतांची कॉलेजातली लेक केतकी म्हणाली, "घ्या. पण त्यावर गेम चालला पाहिजे."

म्हणजे एकाच डब्यात अभंगही आणि बंदुकाही.

*

पार्टची यादी केतकीने केली. सावंत पाणीखात्यातून रिटायर झालेले, त्यांनी ती लाल पेनाने तपासली.

"रॅमच्या दोन पट्ट्या कशाला? एकच मोठी घे. जोड कमी, गळती कमी."

"बाबा, दोन लावल्या की स्पीड वाढतो."

"मग प्रेशर वाढतं असं सांग ना." मंजूर.

ग्राफिक्स कार्डावर मात्र गाडी अडली. त्यालाच तीन पंखे. पंखे म्हणजे आवाज, आणि माइकला पंखा आधी ऐकू येतो, नाना नंतर. केतकी म्हणाली, "पंखे काढले तर गेम बंद." सावंत म्हणाले, "ठेवले तर नाना बंद."

शेवटी ठरलं, की ज्यांचा आवाज त्यांनीच पंखा निवडावा.

*

ठाण्याला, कोपरीत एक ओळखीचं दुकान आहे. नानांनी तिथे खुर्ची मागून घेतली आणि दुकानातले सगळे कम्प्युटर एकेक करून चालू करायला लावले. प्रत्येकाला कान लावायचे, डोळे मिटायचे, मान हलवायची. आडवी.

"हा पांढरी दोनमध्ये फिरतोय. माझी पट्टी काळी एक."

दुकानदार म्हणाला, "काका, अर्ध्या सुराचा तर फरक."

"अर्ध्या सुरासाठी मी एक सासुरवाडी नाकारलेली आहे."

सातव्या डब्याला त्यांची मान उभी हलली. आतले सगळे पार्ट त्याचेच घेतले, फक्त बाहेरचा डबा केतकीने निवडला. दुकानदार पाणी पीत म्हणाला, "आजपर्यंत लोकांनी पंख्याच्या लाइटचा रंग विचारला. पट्टी कोणी विचारली नव्हती."

ठाण्यापासून घरापर्यंत डबा नानांच्या मांडीवर होता. पेटीसुद्धा त्यांनी कधी मांडीवर घेतलेली नाही.

*

गेम सुरू झाला की कम्प्युटर तापतो आणि पंखा जोरात फिरतो, हे केतकीला माहीत होतं. नानांनाही माहीत आहे, हे तिला नव्हतं.

एका दुपारी नाना जिना चढता चढता दुसऱ्या मजल्यावरूनच ओरडले, "सावंत, पोरगी अभ्यास करत नाहीये. पंखा काळी दोनला गेलाय."

केतकीने दार उघडलं. "नाना, इंदूरचं तिकीट नक्की कितवी तारखेचं?"

*

रेकॉर्डिंगचा दिवस दसऱ्यानंतरचा. नाना त्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार, म्हणजे संधी एकच. सावंतांनी खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या आणि खाली सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा ते बारा कुणीही कुकर लावू नये."

वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. "वरणाच्या तीन शिट्ट्या चालतील का? मी हळू काढते."

*

पण त्याआधी दसरा आला. मंडळात या दिवशी वाद्यांची पूजा होते. पेटी, पखवाज, टाळ, आणि यंदा कम्प्युटर. हवा खेळती राहावी म्हणून केतकीने वरून जाळी असलेला डबा घेतला होता. आम्ही चौदा जणांनी त्या जाळीवर मनोभावे अक्षता वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कम्प्युटर चालू केला तर आतून चाळणीत हरभरे घोळवल्यासारखा आवाज.

केतकीने डबा उघडला, उलटा केला, ब्रशने झाडला. वाटीभर तांदूळ निघाले. एक दाणा मात्र कुठेतरी राहिला. टक. टक. टक. साडेअकरा झाले. काकूंचा कुकर वर ताटकळत होता. सावंत खाली मान घालून बसले. "नाना, राहू दे. आमच्याच हातांनी घालवलं."

नाना डोळे मिटून ऐकत होते. "ठेका चांगला धरलाय त्याने. फक्त संथ आहे. केतकी, तुझा गेम लाव."

"नाना, पंखा काळी दोनला जाईल."

"जाऊ दे. इंदूरला चाललोय, एवढं वर गायला हरकत नाही."

तिने रेकॉर्डिंग चालू ठेवून गेम लावला. पंखा चढला, दाणा चढला, आणि नानांनी अभंग उचलला. नऊ मिनिटं. मी टाळ हातातच धरून ठेवले, एकदाही वाजवले नाहीत. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा.

अभंग संपला. केतकी पडद्याकडे बघत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "गेममधला माइक बंद करायचा राहिला. ऑनलाइन खेळणाऱ्या सगळ्यांना ऐकू गेलं. नऊ मिनिटं मी मैदानाच्या मधोमध उभी आहे, मला कुणी गोळीच घातली नाही."

आम्ही वाकून पाहिलं. दोन्ही बाजूंचे बंदूकवाले बंदुका बाजूला ठेवून तिच्याभोवती गोल करून बसले होते. मागे एक जण उभा राहून टाळ्या वाजवत होता.

नानांनी चष्मा लावला आणि एकेकाला नीट न्याहाळलं.

"तो मागचा बेताल आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांना पुढच्या रविवारपासून बोलवा."