व्याह्यांनी क्लब हातात घेतला

जगात कुणाशीही भांडता येतं. बायकोशी येतं, भावाशी येतं, निवृत्तीच्या दिवशी साहेबाशीसुद्धा येतं. मुलीच्या सासऱ्याशी मात्र येत नाही. आमच्या व्याह्यांना हे लग्नाच्या बैठकीतच उमगलं असावं, कारण तेव्हापासून त्यांनी मला जितकं छळलं तितकं उभ्या आयुष्यात कुणी छळलेलं नाही, आणि तेही अत्यंत मऊ आवाजात, दर वाक्याला "पावणं, पावणं" म्हणत. मी हायस्कुलाच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो. माझ्या टेबलासमोर मास्तर लोक आवाज खाली करून बोलायचे. वडगावच्या आमच्या फुटबॉल क्लबाचा मी कित्येक वर्षांचा सेक्रेटरी, आणि तिथंही मी खेकसलो की कमिटी गप्प बसायची. असा मी, या माणसापुढं नुसता "बरं", "हो का", "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच बोलायला शिकलो. ब्लडप्रेशरची गोळी मला त्याच वर्षी सुरू झाली, पण डॉक्टरांना खरं कारण कसं सांगणार?

व्याही मूळचे निपाणीचे. तरुणपणी कोल्हापुरात कॉलेजला असताना गोलकीपर होते, आणि पुढं सगळी नोकरी संकेश्वरकडं एका साखर कारखान्यात ऊसतोडीच्या टोळ्या सांभाळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते आणि विहीणबाई मुलाकडं, म्हणजे आमच्या जावयाकडं, वडगावात राहायला आले. जावयाचं नाव प्रसाद. त्याचं आणि आमच्या स्मिताचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. व्याह्यांची सवय अशी की कुठंही गेले की आधी बराच वेळ नुसतं बघत बसायचं, आणि मग काहीतरी हलवायचं. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चहा निवेपर्यंत त्यांनी आमचं स्वयंपाकघर न्याहाळलं, उठले, आणि पाण्याची घागर डावीकडून उचलून उजवीकडं ठेवली. "वैनींचा हेलपाटा वाचंल," म्हणाले. बायको अजून त्यांचं नाव काढते. मी अजून तहान लागली की डावीकडं हात घालतो.

क्लबाची अवस्था त्या वेळी फार वाईट होती. आमचा क्लब विणकरांचा. वडगावात घराघरात यंत्रमाग. त्यांच्या खटखटाटात वाढलेली पोरं संध्याकाळी माग बंद करून मैदानावर यायची, आणि कधीकाळी मोठमोठ्या संघांना घाम फोडायची. अलीकडं मात्र आम्ही खालच्या गटातही तळाला होतो. कमिटीनं ठरवलं होतं की या हंगामातही तळाला राहिलो तर स्पर्धेतून नाव काढून घ्यायचं आणि क्लबाची खोली सुताच्या गोदामाला भाड्यानं द्यायची. त्या ठरावाखाली मीच सही केली होती, आणि घरी येऊन जेवलो नव्हतो.

व्याही आले तेव्हा एका रविवारी, पाहुण्याला कुठंतरी न्यायचं म्हणून, मी त्यांना सामना बघायला नेलं. शिवाय आमचा फॉरवर्ड म्हणजे त्यांचाच मुलगा. प्रसाद दिसायला झोकदार खेळाडू, पळायचा छान, पण सारखा ओरडायचा. बॉल कुठंही असो, "दे रं, दे रं, हिकडं दे" हे रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. आम्ही हरलो. परत येताना व्याही माझ्या पुढं पुढं चालत होते. दाराशी आल्यावर म्हणाले, "पावणं, ह्या पोरांस्नी कोण बघत न्हाई काय?"

मी म्हणालो, "आता तुम्हीच बघा की."

आता कुणीही सांगेल की अशा वाक्याला काही अर्थ नसतो. उठलेल्या पाहुण्याला आपण "जेवूनच जा" म्हणतो, तसलं ते वाक्य. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचलो तर सराव रोजच्या टोकाला नव्हता, पार पलीकडच्या टोकाला चालला होता, आणि छत्री घेतलेले व्याही आमच्या कॅप्टनला सांगत होते, "हिकडनं ऊन डोळ्यांवर येत न्हाई. पावण्यांनी मला मॅनेजर केलंय, म्हाईत हाय न्हवं?" कॅप्टन मारुतीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

मॅनेजर झाल्यावर या माणसानं बरेच दिवस फुटबॉलमधलं काहीही शिकवलं नाही. ते पोरांच्या घरी जेवायला जाऊ लागले. न सांगता, नेमकं ताटं मांडायच्या वेळी. मारुतीच्या आईनं त्यांना भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. बॅकला खेळणाऱ्या पोराच्या घरी ते मागाशेजारीच मांडी घालून जेवले. मी सेक्रेटरी या नात्यानं विचारलं, "खरा सराव कधी सुरू करायचा?" तर म्हणाले, "चाललाय की." सामन्याच्या दिवशी आपल्या पोरांजवळ उभं राहायचं सोडून ते समोरच्या संघाच्या गोलमागं छत्री उघडून उभे राहायचे आणि त्यांच्या गोलकीपरचं मनापासून कौतुक करायचे. एकदा बॉल बाहेर गेला, रेफ्रीनं थ्रो आम्हाला दिला, तर हे तिकडून म्हणाले, "न्हाई वो, आमच्याच पोराच्या पायाला लागून गेला." रेफ्रीनं थ्रो फिरवला. त्याच थ्रोवर आमच्यावर गोल झाला. मी व्याह्यांकडं गेलो, तोंड उघडलं, आणि "चहा घेणार का" एवढंच विचारून परत आलो.

कमाल झाली ती कोल्हापूरच्या मैत्रीपूर्ण सामन्याची. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं वेड लागलेलं गाव, आणि यांनी जुन्या ओळखीनं तिथल्या एका तालेवार पेठेच्या संघाशी सामना ठरवला. मी म्हणालो, "हरायचंच असेल तर इथं हरू. डिझेल घालून तिकडं कशाला?" ते म्हणाले, "हितं हरल्यावर पोरं घरी जात्यात. तितनं येताना गाडीत एकत्र बसावं लागंल." गेलो. हरलो, आणि असे हरलो की बघायला आलेली माणसं मध्यंतरानंतर कीव येऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवू लागली. परतताना कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. आमची टेम्पो ट्रॅव्हलर त्यात अडकली. पुढं हॉर्न, मागं हॉर्न, शेजारी उसाच्या ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं. शेजारच्या माणसाचंही ऐकू येईना. प्रसाद ओरडून ओरडून सगळ्यांना सांगत होता की आपण कुणामुळं हरलो, पण ते कुणालाच कळत नव्हतं, हे एक बरं होतं.

तेवढ्यात व्याह्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मागं बघा म्हणून खूण केली. मारुती सर्वांत मागच्या बाकावर होता, बॅकचा पोरगा ड्रायव्हरशेजारी. दोघं बोलत होते. आवाज नाही, नुसते ओठ हलत होते आणि हात. मारुतीनं दोन बोटं छातीजवळ धरून झटकन सोडली, तर पुढचा पोरगा हसला, आणि मधल्या बाकावरचे तिघंही हसले. मला त्यात नवल वाटलं नाही. वडगावातलं शेंबडं पोरही हे करतं. मागाच्या खोलीत ओरडून काही ऐकू येत नाही, म्हणून तिथं माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. मी आयुष्यभर ते बघत आलो होतो. व्याही मात्र नाका ओलांडून संकेश्वर येईपर्यंत मान मागं वळवून बघत राहिले. त्यांच्या मानेला दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी तेल लावून दिलं.

त्यानंतर त्यांनी मैदानावर बोलायला बंदी केली. म्हणाले, "घरात जसं बोलतासा तसंच हितं बोला." सरावात कुणी हाक मारली की खेळ थांबायचा. गल्लीतली माणसं मला विचारू लागली की पोरांना काय झालंय, कुणाचं वारलंय का? पण हळूहळू मला एक दिसू लागलं. बोलायचं नाही म्हटल्यावर पोरांना सारखं एकमेकांकडं बघावं लागत होतं, आणि बघत असल्यामुळं पास पोचत होते. छातीजवळून दोन बोटं सोडली की मागावर त्याचा अर्थ धागा तुटला. मैदानावर त्याचा अर्थ झाला, त्यांच्या बॅकमध्ये फट पडलीय. आम्ही एक सामना बरोबरीत सोडवला. मग एक जिंकलो. समोरच्या संघाला कळायचंच नाही की बॉल कुठं जाणार आहे, कारण कुणी मागितलेलाच नसायचा.

यात एकट्या प्रसादचं जमेना. तो निपाणीत वाढलेला, बँकेत नोकरी करणारा. मागाची भाषा त्याला येत नव्हती आणि तोंड बंद राहत नव्हतं. व्याह्यांनी त्याला संघाबाहेर बसवलं. स्वतःच्या मुलाला. वर सांगितलं की रोज बँकेतून सुटल्यावर मारुतीच्या मागाजवळ बसायचं, आणि तिथं सगळे काय बोलतात ते कळेपर्यंत मैदानावर यायचं नाही.

त्या संध्याकाळी स्मिता आमच्याकडं आली. चप्पल न काढताच म्हणाली, "आप्पा, तुम्ही सेक्रेटरी आहात का कोण आहात?"

"आता काय झालं गं?"

"ते रोज कापूस अंगावर घेऊन येतात. जेवताना बोलत नाहीत. काल मीठ पाहिजे होतं तर मारुतीसारखी खूण केली. मला काय कळणार? मामंजींना तुम्ही सांगा. मला सांगता येत नाही."

मला तरी कुठं येत होतं? पण मुलगी रडकुंडीला आलेली. मी गेलो. व्याही व्हरांड्यात शेंगा फोडत बसले होते. मी बरीच प्रस्तावना केली, प्रसादच्या पळण्याची तारीफ केली, घरातली शांतता, पोरीचं मन वगैरे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पावणं, तुमची पोरगी आमच्यात आल्यापास्नं एकदा तरी म्हणाली काय, की ह्यो माझं ऐकून घेतो?"

 स्मिता म्हणायची ते उलटंच, की हा ऐकूनच घेत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणायची, फक्त आईजवळ.

"माजंबी तसंच हुतं," ते म्हणाले. "टोळ्यांस्नी वरडून वरडून गळा गेला. घरात बी तसंच बोललो. त्यो माझ्याकडनंच शिकलाय. आता माझ्याकडनं कसं सुटंल? घ्या, शेंगा घ्या."

मी मूठभर शेंगा घेऊन घरी आलो. स्मिताला काय सांगावं कळेना, म्हणून त्याच दिल्या.

शेवटचा सामना खानापूरकडच्या संघाशी होता, आणि जिंकल्याशिवाय आमचा तळ सुटणार नव्हता. त्यांचा कोच सुरुवातीपासून घसा फोडून सूचना देत होता. आमची पोरं चूप. आमचे प्रेक्षकही एव्हाना चूप बसायला शिकले होते. बराच वेळ गोल होईना. मी व्याह्यांना म्हणालो, "फॉरवर्ड दमलाय. बदला आता कुणीतरी." ते म्हणाले, "व्हय, दमलाय," आणि दुसरीकडं बघत उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांची छत्री घेऊन मोडावीशी वाटली. थोड्या वेळानं त्यांनी कितीतरी दिवसांनी मैदानावर येऊ दिलेल्या, रेषेजवळ बसलेल्या प्रसादकडं पाहिलं आणि नुसती हनुवटी वर केली.

प्रसाद आत गेला. पहिल्याच बॉलला त्यानं सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग मारुतीनं लांबून छातीजवळची दोन बोटं सोडली. प्रसाद त्या फटीत घुसला, बॉल पायात आला, समोर फक्त गोलकीपर. पूर्वीचा प्रसाद असता तर डोळे मिटून लाथ मारून मोकळा झाला असता. त्यानं डावीकडं पाहिलं. तिकडून आमचा एक पोरगा एकटाच येत होता. प्रसादनं बॉल त्याला दिला, आणि त्या पोरानं तो अगदी सावकाश, जाळ्यात ठेवल्यासारखा ठेवला. मैदानावर क्षणभर काहीच आवाज झाला नाही. मग जो झाला तो मागांनाही ऐकू गेला असेल. स्मिता माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची नखं मला नंतर घरी गेल्यावर लागली.

व्याही म्हणाले, "बघाय शिकलं पोरगं."  मग लगेच म्हणाले, "पावणं, तुमी रेषेच्या आत आलाय, मागं सरा."

क्लब वाचला. खोलीत सुताची पोती आली नाहीत. कमिटीनं सत्कार ठरवला, हार आणला, आणि सत्काराच्या आदल्या दिवशी व्याही विहीणबाईंना घेऊन निपाणीला परत गेले. कायमचे. मी बसस्टँडवर गाठून विचारलं, आणि त्या दिवशी माझा आवाज थोडा चढलाही असेल, की हे असं मधेच सोडून जाणं बरं दिसतं का. ते खिडकीतून म्हणाले, "पोरं आता माझ्याकडं बघत न्हाईत, पावणं. एकमेकांकडं बघत्यात. मग मी हितं राहून काय करू?"

नवा कोच आला आहे. शिकलेला आहे, वेळेवर येतो, प्रत्येक गोष्ट मला विचारून करतो आणि मला "सर" म्हणतो. आम्ही बरे खेळतो, कधी कधी जिंकतो. सामना झाला की मी निपाणीला फोन लावतो. व्याही निकाल विचारत नाहीत. "चुकलं कोण?" एवढंच विचारतात. एकदा मी म्हणालो, "कुणी नाही, सगळी पोरं छान खेळली," तर ते "मग बरं हाय" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. 

तेव्हापासून मी चुका तयार ठेवतो. आमच्या बॅकनं जागा सोडली, गोलकीपर उगाच पुढं आला, मारुती आता जड झालाय, असं काहीबाही सांगतो. मग ते तापतात. मला फुटबॉलमधलं कसं काहीच कळत नाही, मी सेक्रेटरी म्हणून इतकी वर्षं काय केलं, हे मऊ आवाजात, "पावणं, पावणं" करत समजावून सांगतात. बायको दोनदा येऊन जेवायला वाढलंय म्हणून सांगून जाते. मी तिला हातानं थांब म्हणतो आणि फोन दुसऱ्या कानाला लावतो.