बेचाळीस मुलांचा हातचा

भिवंडीतली समस्त लहान मुलं एका दिवसात शहाणी करायचं काम कुणी आमच्या धाकट्या काकूवर सोपवलं असतं, तर तिने ते दुपारच्या जेवणाआधी उरकलं असतं आणि वर विचारलं असतं, "आता संध्याकाळी काय करू?" काकू लग्नाआधीच डी.एड. झालेली होती. लग्नानंतर आठ वर्षं तिचं प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली झोपून होतं, पण काकूला स्वतःला झोप ठाऊक नव्हती. शाळा मिळत नाही म्हटल्यावर तिने घरातच शाळा काढली. पटावर मुलं चार. मी तिसरीत, माझा भाऊ पहिलीत आणि काकूची दुसरीतली जुळी. दर रविवारी सकाळी आठाला हजेरी व्हायची. "हजर, बाई" म्हणायचं. चुकून कुणी "हजर, काकू" म्हणालं की त्याची गैरहजेरी लागायची आणि तो समोर बसलेला असूनही अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

आमच्या दोन खोल्यांच्या खाली यंत्रमागांचा कारखाना होता. शुक्रवारी माग बंद असायचे, तेवढीच काय ती शांतता. बाकी सहा दिवस आमच्याकडे मीठसुद्धा ओरडून मागावं लागे. पाहुण्यांना वाटायचं घरात भांडण चाललंय, आणि खरोखरच भांडण चाललेलं असलं तर ते कुणाला कळायचं नाही. या खडखडाटाच्या वर ज्याचा आवाज चढे असं घरात एकच माणूस होतं. काकू पाढे म्हणून घ्यायला लागली की ते खालपर्यंत जायचे. एकदा आठाच्या पाढ्यात जुळी सारखी अडखळत होती, म्हणून काकूने तोच पाढा नऊ वेळा घेतला. शेवटी खालचा एक कारागीर जिना चढून वर आला आणि हात जोडून म्हणाला, "भाभीजी, आठ सत्ते छप्पन हमको भी पाठ हो गया. अब आगे बढाओ, हमारा धागा टूटता है." काकूने त्याला थांबवून घेतलं, आठ नव्वे किती ते विचारलं आणि बरोबर आल्यावर हातावर गूळ ठेवून खाली पाठवलं.

एका जागी एक विषय दहा मिनिटांच्या वर तिला सोसत नसे. "बसून बसून डोकं आंबतं," म्हणायची, आणि ते आमच्यापेक्षा तिचंच आधी आंबत असावं. गणित स्वयंपाकघरात व्हायचं, कारण ओट्याचा कडप्पा काळा होता आणि त्यावर खडू छान उठायचा. काका चहा गाळायला ओट्याकडे वळले की ती ओरडायची, "अहो, भागाकार पुसला जाईल, कप हातातच धरा!" बिचाऱ्यांनी कित्येक रविवार कप हातात धरून चहा गाळला. कुकरची शिट्टी झाली की वाफेचा पाठ. वाफेचा पाठ संपायच्या आत भूगोल, म्हणजे पळत गच्चीवर. तिथे ती आम्हाला गरागरा फिरवायची आणि एकदम थांबवून विचारायची, "कल्याण कुठे? खाडी कुठे? शेलार गाव कुठे?" चक्कर आलेल्या अवस्थेत जो बरोबर बोट दाखवेल त्याला दिशा कळल्या असं ती मानायची. माझ्या भावाने एकदा खाडी म्हणून पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं आणि तिथेच तो आडवा झाला. मराठी खाली गॅलरीत. पुस्तक नसायचंच. वाण्याच्या पुड्यांचे कागद ती जपून ठेवायची, त्यावरची अर्धी फाटलेली गोष्ट आम्ही मोठ्याने वाचायची आणि उरलेली अर्धी मनाने पुरी करायची. माझ्या गोष्टींत शेवटी सगळे मरायचे. "तुला घाई फार," काकू म्हणायची, आणि हे वाक्यसुद्धा ती गॅलरीतून आत जाता जाता म्हणायची.

डी.एड.च्या दिवसांतली पाठ टाचणं लिहायची सवय तिला सोडून गेली नव्हती. शिकवण्याआधी उद्दिष्ट काय, साधनं काय, मुलांना प्रश्न कोणते विचारायचे, हे सगळं वहीत मांडायचं. काकू ते कशाचंही मांडायची. मी एकदा तिची वही उघडून पाहिली. "घटक: बोंबील. उद्दिष्ट: ताजे आणणे. साधने: पिशवी, करडी नजर. कोळिणीस विचारावयाचे प्रश्न: चार." खाली मूल्यमापनही होतं. "दोन बोंबील मऊ निघाले. उद्दिष्ट अंशतः साध्य."

मी तिसरीत असतानाच काल्हेरच्या पुढे एका गावातल्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. तेव्हा तिकडे शेतं होती आणि खाडीचा वारा होता. अर्ज केल्यावर काकूला बोलावणं आलं, की मंगळवारी मुलाखत आणि दुसरीच्या वर्गावर एक नमुना पाठ. पाच महिन्यांनी काकू वयाच्या अटीत बसणार नव्हती. ही शेवटची संधी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. फक्त काकूच बोलायची, तेही धुणं वाळत घालता घालता. "आता नाही झालं तर मग नाहीच, नाही का गं?" मला विचारायची आणि पुढचा कपडा झटकायची.

त्या रविवारी एकच विषय होता, हातच्याची बेरीज. ओट्यावर, गच्चीवर, जिन्यात, सगळीकडे सत्तावीस अधिक पंधरा. कारखान्यातून आणलेल्या रिकाम्या कांड्या, म्हणजे ज्यांच्यावर सूत गुंडाळतात त्या, दहा-दहाच्या जुड्या बांधून ती आमच्यापुढे ओतायची. संध्याकाळपर्यंत माझा पहिलीतला भाऊसुद्धा झोपाळलेल्या आवाजात "बेचाळीस" म्हणायला लागला, प्रश्न कोणताही असो. काका हे सगळं पाहत होते. शेवटी हातातला कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, तिथे माग नाहीत. हळू बोल. आणि खुर्चीवर बसून शिकव. समोरच्यांना जरा पोक्त बाई वाटू दे." काकूने ते वहीत लिहून घेतलं. "हळू. बसून." खाली दोन रेघा मारल्या.

मंगळवारी काकांना रजा मिळाली नाही, म्हणून सोबतीला मला नेलं. शाळा म्हणजे एक लांब कौलारू खोली, मधे कपाटं आडवी लावून केलेले चार वर्ग. मागच्या बाकावर मुख्याध्यापक, संस्थेचे म्हातारे अध्यक्ष आणि आणखी एक गृहस्थ. मी दाराशी. काकू खुर्चीवर बसली आणि अगदी हळू आवाजात शिकवायला लागली. मला ती ओळखूच येईना. अध्यक्ष मान डोलवत होते. मुख्याध्यापकांनी कागदावर काही लिहिलं, आणि चेहऱ्यावरून ते बरं लिहिलेलं दिसत होतं. मुलं जांभया देत होती, पण शांत होती. "सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक." मला वाटलं, झालं, जमलं.

मागे भिंतीला टेकून एक बारीकशी मुलगी बसली होती. ती म्हणाली, "बाई, मला न्हाय कळला. तो एक गेला कुठं?"

काकूने तिला पुन्हा सांगितलं. हळू, बसून. मुलीने मान हलवली, न्हाय. काकूने कांड्या दाखवल्या. न्हाय. काकूचा पाय खुर्चीखाली हलायला लागला. मी मनात म्हणत होते, बस, काकू, बस. तेवढ्यात ती उठली. "चला रे, तुम्हीच सत्तावीस व्हा!" असा तिचा तो आमच्या घरचा आवाज सुटला आणि कौलांवरचे कावळे उडाले. पण वर्गात मुलं एकोणीसच. काकूने कपाटापलीकडे मान घातली. "तिसरीतली आठ जणं इकडे! चौथीतली पंधरा, चला, चला!" आणि ती आली! असं बोलावणं आल्यावर कोणतं मूल बसून राहील? तिथल्या मास्तरांनी हात वर केला होता, तो तसाच राहिला. दोन मिनिटांत बेचाळीस मुलं अंगणात उभी. दहा-दहांनी हात धरून साखळ्या केल्या. उरली इकडची सात आणि तिकडची पाच. काकूने त्यांतल्या दहांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि पळवत नेऊन साखळ्यांच्या रांगेत उभं केलं. त्या दहांत ती मुलगी होती. तिने वळून मागे पाहिलं, तिथे दोनच पोरं उरलेली. मग ती जी ओरडली, "बाई, मीच गेली तिकडं! तो एक म्हंजे आम्हीच!"

अध्यक्ष चपला शोधत बाहेर आले. माणूस मायाळू असावा. म्हणाले, "शिकवनं झ्याक हाय बाई. पन चार वर्ग एका छपराखाली हायत. रोज असा झाला तं बाकीच्या मास्तरांनी काय करायचं?" काकूने "हो" म्हटलं आणि पदर सारखा केला.

परतताना टेम्पोत मी रडकुंडीला आले होते. मला तिचा राग आला होता. आणखी दहा मिनिटं बसता नसतं आलं? काकूचे डोळे मात्र चमकत होते. "तिला कळलं, पाहिलंस ना? मीच गेली म्हणाली. मी नाही हं सांगितलं, तिचं तिनेच!" हे तिने भिवंडी येईपर्यंत चार वेळा सांगितलं. टेम्पोवालाही मागे वळून पाहत होता.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा दुसऱ्या बाईंना दिली होती. काकूने ते उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि पोळ्या लाटायला गेली. काका रिकामा कप हातात धरून तिच्या मागे उभे होते.

त्या रविवारी आठाला आम्ही चौघं ओळीत बसलो. खाली माग चालू होते. काकू आली, खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मराठी होतं की परिसर अभ्यास, मला आजही सांगता येणार नाही, कारण एक शब्द ऐकू येत नव्हता. नुसते ओठ हलताना दिसत होते. जुळी थोडी पुढे सरकली. मग मी सरकले, भाऊ सरकला. असं करत करत आम्ही चौघंही तिच्या गुडघ्यांना जाऊन भिडलो, तरी ऐकू येईना. तिला वाटत होतं की आम्ही लक्ष देतोय. आम्ही माना डोलवत होतो.

"काकू, मोठ्याने," एवढंच म्हणायचं होतं. चौघांपैकी एकालाही ते सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.